आखितीच्या आधीचा भोपळा

आमच्या सासरी वेलाचं बी टोचायचा दिवस ठरलेला होता, आखितीचा. अक्षय्य तृतीयेला पितरांना जेवू घालून झालं की घरातली मोठी बाई घरामागच्या परड्यात आळी करायची, तोंडात गुळाचा खडा धरायची आणि कुणाशी एक शब्द न बोलता दुधी, दोडका, घोसाळं असं एकेक बी मातीत सरकवायची. गूळ कशाला, तर फळ गोड यावं म्हणून. न बोलणं कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही. बायकांना गप्प बसवायला तिथं फारसं कारण लागत नसे. मग पाऊस पडेपर्यंत न्हाणीचं सांडपाणी त्या आळ्यांना पुरायचं आणि श्रावणात गोठ्याचं छप्पर वेलानं झाकून जायचं.

दुष्काळाच्या वर्षी माझ्या सासूबाईंनी हा दिवस मोडला. त्यांनी दुधी भोपळ्याचं बी माघातच टोचलं.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्या अंगानं किरकोळ, पण आवाज असा की ओट्यावरून हाक मारली तर वेशीतलं कुत्रं उठून उभं राहायचं. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. खोटं का बोला. पण मी त्यांना जितकी भ्यायले तितकी पुढे आयुष्यात कशाला भ्यायले नाही. माझं माहेर अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, भाताचं आणि चिखलाचं. तिथली पोर लग्न होऊन पाथर्डीच्या बाजूच्या या माळावर आली, तिला पाणी जपून वापरायची सवय कुठून असणार? आल्या आठवड्यातच मी तांब्याभर पाण्यानं पाय धुतले, तेव्हा आत्यांनी चारचौघींत विचारलं होतं, "डोंगरातली का गं तू? तुझ्या बापानं नदी दिलीया का आंदन?" बायका हसल्या. तेव्हापासून त्यांची सावली दिसली तरी माझ्या हातातलं भांडं वाजायचं.

त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरी आटल्या. बैल आणि गाय घेऊन मामा, म्हणजे सासरे, गुरांच्या छावणीत जाऊन राहिले. माझे मालक पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होते आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. घरात आम्ही दोघीच, आत्या आणि मी. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळायची, तिची भाकरी आणि लाल तिखट, दुसरं काही नाही. हिरवं पान बघायला मिळत नव्हतं.

त्यात वन्संना दिवस गेल्याचा निरोप आला. वन्सं म्हणजे आत्यांची एकुलती एक लेक, माझ्याच वयाची. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, चैत्रात त्यांना आणायचं ठरलं. आत्या हिशोबाला लागल्या. लेक चैत्रात येणार, आणि आखितीला बी टोचलं तर भाजी श्रावणात. मधल्या महिन्यांत पोटुशीला घालायचं काय?

"भाकर आनि मिरची घालू का माझ्या लेकीला?" असं त्या मलाच विचारत होत्या, जणू दुष्काळ मी पाडला होता.

माघातल्या एका सकाळी आत्या आळं करून बी टोचायला बसल्या, तेव्हा शेजारची म्हातारी, नात्यानं त्यांची जाऊच, भिंतीवरून बघत होती. ती म्हणाली, "आखितीच्या आदी बी टोचू नगं गं. आनि असल्या सालात तर न्हाईच. येल रुसतो."

आत्यांच्या तोंडात गुळाचा खडा होता. त्या बोलू शकत नव्हत्या. त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि बी मातीत सरकवलं. म्हातारी आत निघून गेली. मला मात्र त्या दिवसापासून धाकधूक लागली, कारण वेल रुसला तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

वेलाला पाणी घालायचं काम माझं. टँकर विहिरीत पाणी ओतायचा, त्यात आम्ही बायका पोहरे सोडायचो आणि ढकलाढकलीत जे मिळेल ते घरी आणायचो. आंघोळ घमेल्यात बसून करायची, त्याच पाण्यात कपडे, मग ते पाणी वेलाला. तांदूळ असला तर धुवण, डाळ असली तर धुवण. तरी पुरेना. पानं दुपारी मान टाकायची आणि मी त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची. उठ रे बाबा, म्हणायची. संध्याकाळी ती जराशी उठायची आणि मला भाकरी गोड लागायची. फुलं आली तशी गळाली. मग एक फळ धरलं.

एकच. मान वाकडी, अंगानं खुरटं. पण सगळ्या गावात हिरवं असं तेवढंच होतं. लोक निमित्त काढून बघायला यायचे. आत्यांनी दृष्ट लागू नये म्हणून वेलाला जुनी वहाण बांधली आणि उन्हाचं फळावर ओलं फडकं टाकायला मला सांगितलं. शेळ्या, पोरं, चोर आणि ऊन या चौघांपासून मी ते फळ राखलं. स्वप्नातसुद्धा ते गळून पडायचं आणि मी दचकून उठायची.

वन्सं आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. पोट तेवढं पुढं, बाकी हाताची हाडं मोजून घ्यावीत. दुष्काळात कोण अंगानं भरलेलं होतं म्हणा, म्हणून त्याचं कुणी काही काढलं नाही. आत्यांनी त्यांना जरा वेळ ओट्यावर बसवलं आणि मग परड्यात नेऊन तो भोपळा दाखवला. वन्सं त्याच्याकडे बघून हसल्या. हात लावू का, म्हणाल्या. आत्या म्हणाल्या, "लाव की. तुझाच हाय."

आखितीच्या अलीकडच्या एका सकाळी आत्यांनी फळ तोडलं.

पहिल्या फळाची आमच्या घरात रीत अशी होती. त्याची भाजी आधी देवाला. देवाला दाखवायची म्हणून चुलीवर असताना चाखायची नाही. नैवेद्य उष्टा होतो. मग ती घरातल्या सगळ्यांनी खायची, ताटात टाकायची नाही, आणि तिला नाव ठेवायचं नाही. निबर असो, पाणचट असो, कुणी विचारलं तर गोड म्हणायचं. पहिल्या फळाला नाव ठेवलं की वेल जळतो आणि घरातलं काहीतरी घेऊन जातो. हे आत्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं, आणि आत्यांनी मला.

माझ्या माहेरी वेगळं होतं. माझी आई दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती कापून जिभेला लावायची. कडू निघाला तर उकिरड्यावर. मी विळीवर बसले, देठ कापला, चकती हातात आली आणि सवयीनं हात वर गेला. आत्या समोरच चुलीपुढे बसलेल्या होत्या. माझा हात तिथूनच खाली आला. चकती मी बाकीच्या फोडींत टाकली.

भाजी झाली. देवापुढे नैवेद्य दाखवला. आत्यांनी वन्संना पाट मांडला, त्यांना आधी वाढलं. आम्ही दोघी नंतर बसणार होतो. वन्संनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, तोंडात घातली. क्षणभर त्यांचा जबडा थांबला. मला वाटलं, खडा लागला असेल.

"कशी झालीया?" आत्यांनी विचारलं.

"ग्वाड हाय," वन्सं म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवू लागल्या.

आत्यांचा चेहरा त्या वेळी जो उजळला तसा मी पूर्वी बघितला नव्हता. "आनखी घालू?" म्हणाल्या. वन्संनी ताट पुढे केलं. आत्यांनी दुसऱ्यांदा वाढलं. तेही वन्संनी संपवलं आणि ताट बोटानं पुसून घेतलं.

मग आम्ही बसलो. मी पहिला घास घेतला आणि माझ्या सगळ्या अंगावर काटा आला. कडू, म्हणजे कारल्यासारखं कडू नव्हे. कारलं परवडलं. हे जिभेच्या मुळाशी चिकटून घसा आवळणारं काहीतरी होतं. मी आत्यांकडे बघितलं. त्यांचाही घास गालात अडकलेला होता. आमची नजरानजर झाली. त्यांनी घास गिळला. मीही गिळला. मी भाजीचा उरलेला भाग भाकरीत दडवून पाण्याबरोबर ढकलायला लागले आणि मनात म्हणत होते, कडू तर कडू, भाजीनं कोण मरतं.

भांडी घासून झाली नव्हती तोच वन्संना पहिली उलटी झाली. आत्या म्हणाल्या, दिवसांतली असंल. मग दुसरी, तिसरी. मग जुलाब. पोट धरून वन्सं अंगणात बसल्या त्या उठेनात. मलाही मळमळून आलं, मी गोठ्यामागे जाऊन ओकले, आत्याही ओकल्या. आमचं पोट रिकामं झालं तसं आम्हाला जरा बरं वाटलं. वन्संना वाटेना. त्यांचे हात गार पडले आणि कपाळावर घाम आला. पुढच्या उलटीत रक्त दिसलं.

मी आत्यांकडे बघितलं, आता काय करायचं ते सांगतील म्हणून. आत्या नुसत्या उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. त्या बाईचा आवाज गेलेला मी पहिल्यांदाच बघितला.

गावात गाडी म्हणाल तर एकच, पाण्याचा टँकर, आणि तो त्या वेळी विहिरीवर लागलेला होता. मी पदर खोचून धावले. सून म्हणून गावातून कधी डोकं वर करून चालले नव्हते, त्या दिवशी धावले. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. माणूस चांगला होता. पण म्हणाला, "बाई, भरली टाकी घिऊन घाटाचा चढ न्हाई चढायची ही. रिकामी हू द्या. तवर आना त्यांना."

वन्संना बाजेवर घालून चार बायकांनी विहिरीवर आणलं. टँकरच्या सावलीत बाज ठेवली. नळीतून पाणी विहिरीत पडत होतं. एरवी त्या आवाजानं माझं पोट भरायचं, पोरं नाचायची. त्या दिवशी मला वाटत होतं, कधी संपणार आहे हे पाणी? किती हे पाणी? कडेला बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. एकीनंही पोहरा सोडला नाही. वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या आणि आत्या त्यांच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या.

"हलत न्हाई गं," आत्या मला म्हणाल्या. "सकाळधरनं लाथा मारत व्हतं. आता हलत न्हाई."

मला त्या शब्दांनी जी भीती घातली ती मी कुणालाही सांगू शकणार नाही. एक जीव आत, एक बाहेर, आणि दोन्ही आमच्या हातातून चाललेले. शेजारची म्हातारी घोळक्यात होती. ती काही बोलली असती तर आत्या तिथंच कोसळल्या असत्या. पण तिनं आपल्या लुगड्याचा पदर विहिरीच्या पाण्यात भिजवून आणला आणि वन्संचं तोंड पुसलं.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. केबिनमध्ये वन्संना मध्ये धरून आम्ही दोघी. खड्डा आला की वन्सं कण्हायच्या, आणि कण्हल्या नाहीत की मला जास्त भीती वाटायची. मग मी त्यांना मुद्दाम हलवायची. रिकामी टाकी मागे सारखी खणखणत होती.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले. उलट्यांचे रोगी रोजच यायचे, पाणीच तसलं होतं. त्यांनी सलाईन लावायला सांगितलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"भोपळा," आत्या म्हणाल्या. "घरच्या येलाचा. द्येवाला दावून खाल्ला."

"नुसत्या भोपळ्यानं रक्त पडतं होय?" डॉक्टरांचा आवाज बदलला. "घरात पिकावरचं औषध आहे? भांडण झालं होतं का? हे बघा, खरं सांगा. विष असेल तर पोलिसांना कळवावं लागेल, आणि आधी मला कळायला हवं, म्हणजे उपाय करता येईल." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ही कोण?"

"सून."

"हिला नाही एवढा त्रास झाला?"

मी भिंत धरली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, नर्स बघत होती, आणि भाजी चिरली मीच होती. आत्यांनी एवढं म्हटलं असतं, की सुनेनं चिरली, मला काय ठाऊक, तर माझं काय झालं असतं? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रीत होती, पहिल्या फळाला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं तर घरातलं काहीतरी जातं, आणि घरातलं जे जायचं ते समोर पलंगावर पडलेलं होतं.

आत्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "कडू व्हता, सायेब. जहर व्हता. हिनं थोडा खाल्ला, म्या थोडा खाल्ला. पोरीनं दोनदा घेतला."

"आणि खाल्लात कशाला?" डॉक्टर ओरडलेच. पण उत्तराची वाट न बघता ते वळले आणि सुई भरायला लागले. "कडू दुधी विषच असतो," एवढं ते नर्सला म्हणाले, किंवा आम्हाला.

मग नर्सनं लाकडी नळी वन्संच्या पोटाला लावली आणि कान टेकवला. इथं ऐकलं, तिथं ऐकलं. कपाळाला आठी घालून नळी पुन्हा सरकवली. आत्यांनी माझं मनगट धरलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असा हात लावला नव्हता. बांगडी रुतून फुटली तरी त्यांना कळलं नाही. नर्सनं नळी आणखी खाली नेली, श्वास धरला, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आहेत," ती म्हणाली. "ठोके आहेत. बारीक आहेत, पण आहेत."

आत्या मटकन खाली बसल्या. मी रडले. पण भीती काही एकदम जात नाही, पूर ओसरावा तशी चिखल ठेवून जाते. सलाईनची दुसरी बाटली लागेपर्यंत मी नळीतले थेंब बघत होते, एखादा चुकेल म्हणून.

उन्हं कलली तेव्हा वन्संनी डोळे उघडले. पाणी मागितलं. चमच्यानं दिलेलं पोटात राहिलं. आत्यांनी त्यांच्या तोंडावरचे केस मागे केले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला कडू लागला न्हाई?"

"लागला की."

"पयल्याच घासाला?"

"व्हय."

"मग दुसऱ्यांदा कशाला घेतलास?"

वन्सं छताकडे बघत होत्या. "तू आनखी घालू का म्हनलीस. येवड्या लांबनं पानी आनून लावला व्हतास माज्यासाठी. नगं कसं म्हनायचं?"

आत्या लेकीच्या हाताकडे बघायला लागल्या, ती हाडं, तो कोपर. बाहीखाली दंडावर एक जुना, पिवळा पडलेला डाग होता. तो मी आधीही बघितला असेल, नक्की बघितला असेल, पण त्या वेळी आत्यांनी बघितला तेव्हा मलाही दिसला.

"आनि सासरी बरं हाय, म्हनतीस," आत्या म्हणाल्या. "दर टायमाला इचारते, तर बरं हाय म्हनतीस. त्येबी असंच का?"

वन्संनी तोंड भिंतीकडे वळवलं. सलाईनचा हात हलू नये म्हणून त्यांनी तो तेवढा जपून ठेवला आणि बाकीचं सगळं अंग हलायला लागलं. आवाज काही आला नाही. आत्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मग आत्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, अजून पदर खोचलेलीच.

"आनि तुला तुजी आई इचारती तवा तू काय सांगतीस गं?"

मी तोंड उघडलं. ते दोन शब्द मी आईला इतक्या वेळा सांगितले होते की ते जिभेवर तयारच असायचे. त्या दिवशी ते बाहेर पडेनात. मी घाबरून आत्यांकडे बघितलं, तर त्या माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या.